सायगावचं युद्ध संग्रहालय बघायचं तर तिसरी बाजूही शोधा

लातूर, नांदेड, संभाजीनगरहून निघणाऱ्या व्हिएतनाम सहलीत हो ची मिन्ह सिटीचं, म्हणजे जुन्या सायगावचं युद्ध अवशेष संग्रहालय बहुतेक वेळा असतंच. पण टूरवाले तासभर देतात. तेवढ्यात अंगणातल्या रणगाड्यापुढे फोटो होतात आणि मंडळी परत बसमध्ये. नीट बघायला तीन तास तरी हवेत, म्हणून मोकळ्या दिवशी आपलं आपण जा. वेळ सकाळी 7:30 ते संध्याकाळी 5:30, तिकीट 40,000 डोंग. निघण्याआधी दोन्ही एकदा तपासून घ्या. रुपयांचा अंदाज काढायला शेवटची दोन शून्यं उडवा आणि तीननं भागा, म्हणजे साधारण 130 रुपये. पैसे देताना नोटेवरची शून्यं मोजा. 20,000 आणि 5,00,000 या दोन्ही नोटा निळसर आहेत, घाईत मोठी नोट हातातून जाते.

जाण्याआधी एक गोष्ट पक्की करा. ही लढाई नुसती अमेरिका विरुद्ध व्हिएतनाम नव्हती. उत्तरेत हनोईचं कम्युनिस्ट सरकार होतं, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठबळावर उभं सायगाव सरकार, आणि दक्षिणेतच त्या सरकारशी गनिमी काव्यानं लढणारे बंडखोर. 30 एप्रिल 1975 ला सायगाव पडलं आणि त्याच वर्षी जिंकलेल्यांनी हे संग्रहालय उघडलं. आजचं सौम्य नाव 1995 चं, म्हणजे अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले त्या वर्षीचं. आधीच्या नावात सरळ 'गुन्हे' हाच शब्द होता. सायगावकडून लढून हरलेल्या व्हिएतनामी सैनिकाची, म्हणजे तिसरी बाजू इथं कुणी मांडत नाही. ती बघणाऱ्यानंच शोधायची.

सुरुवात अंगणापासून करा. प्रत्येक वस्तूपुढे दोन प्रश्न विचारा: बनवली कुणी, आणि वापरली कुणी? एफ-5 आणि ए-37 ही विमानं अमेरिकी बनावटीची, पण ती सायगावचं हवाई दलही उडवायचं. मग बाजूच्या 'वाघाच्या पिंजऱ्यां'कडे वळा आणि तिथं घाई करू नका. कोन दाओ बेटावरच्या तुरुंगकोठड्यांची ही प्रतिकृती आहे. मूळ कोठड्या फ्रेंचांनी आपल्या राजवटीत बांधलेल्या. पुढे त्यांत कैदी डांबले ते सायगाव सरकारनं. आणि 1970 मध्ये तिथले फोटो काढून जगापुढे आणले ते टॉम हार्किन यांनी, अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधींबरोबर गेलेल्या एका कर्मचाऱ्यानं. एवढ्याशा कोठडीत तीन देशांचा हिशेब आहे.

इमारतीत आधी सगळ्यात वर जा आणि बघत बघत खाली उतरा. वर युद्धात मेलेल्या छायाचित्रकारांचं दालन आहे. त्यात दोन्ही बाजूंची माणसं आहेत, आधीच्या फ्रेंचांच्या युद्धात, 1954 मध्ये सुरुंगावर पाय पडून गेलेला रॉबर्ट कापाही आहे. डोकं ताजं असताना हे बघितलेलं बरं, कारण मधला मजला माणसाला थकवतो. माय लाय इथं 16 मार्च 1968 ला अमेरिकी सैनिकांनी गावकरी मारले. व्हिएतनाम 504 बळी सांगतो, अमेरिकी लष्कराच्या तपासात 347 आले. आकडा दिसला की तो कुणाचा, हे वहीत लिहून ठेवा. या हत्याकांडाचे गाजलेले फोटो मात्र अमेरिकी लष्कराच्याच छायाचित्रकाराचे. नापाममध्ये, म्हणजे बॉम्बमधल्या चिकट पेटत्या इंधनात भाजलेली, रस्त्यावर धावणारी मुलगी सगळ्यांना माहीत असते. 8 जून 1972 ला तो नापाम टाकणारं विमान सायगावच्या हवाई दलाचं होतं, हे फार थोड्यांना.

एजंट ऑरेंज या विषारी तणनाशकाच्या दालनात लहान लेकरांना नेऊ नका. 1961 ते 1971 या काळात अमेरिकेनं सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली. त्यातल्या डायऑक्सिन या विषाचे परिणाम दाखवणारे फोटो मोठ्यांनाही झेपत नाहीत. घरातल्या एकानं मुलांना घेऊन खाली थांबावं, मग पाळी बदलावी. इथं सेल्फी नको. शेजारी उभ्या माणसाच्या घरातलंच कुणी त्या युद्धात गेलेलं असू शकतं.

बाहेर पडताना काय दिसलं नाही, तेही लिहा. 1968 मध्ये ह्वे शहरात कम्युनिस्टांनी केलेली कत्तल, 1975 नंतर हरलेल्यांना डांबलेल्या 'पुनर्शिक्षण' छावण्या, बोटीतून देश सोडून गेलेली लाखो माणसं. विजेत्याचं संग्रहालय असंच असतं. आपल्याकडेही 17 सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या भाषणांत रझाकारांचे अत्याचार येतात, पोलीस ॲक्शननंतर झालेल्या मुसलमानांच्या हत्या सांगणारा सुंदरलाल समितीचा अहवाल सहसा येत नाही.

तिसऱ्या बाजूच्या खुणा बघायच्या तर पंधरा मिनिटं चालत स्वातंत्र्य राजवाड्यात जा. दक्षिणेच्या राष्ट्राध्यक्षांच्या खोल्या, तळघरातले नकाशे, संदेशयंत्रणा तिथं आहेत. आवारातले रणगाडे 30 एप्रिल 1975 ला फाटक तोडून आत शिरलेले उत्तरेचे मूळ रणगाडे नाहीत, त्याच जातीचे आहेत. 843 क्रमांकाचा मूळ रणगाडा हनोईच्या लष्करी संग्रहालयात आहे. राजवाड्याची तिकीट खिडकी संग्रहालयाच्या आधी बंद होते, म्हणून संग्रहालयात सकाळी साडेसातलाच शिरा आणि जेवण उरकून दुपारी राजवाडा करा.