ड्रायव्हर अपडेटनंतर 'व्हर्जन मिसमॅच' आला तर आधी दोन नंबर बघा

उबुंटूवर रात्री ट्रेनिंग लावून झोपलात, सकाळी एनव्हिडिया-एसएमआय (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे जीपीयूची, स्थिती दाखवणारी कमांड) मारलं आणि नेहमीच्या टेबलाऐवजी एकच ओळ आली, 'फेल्ड टू इनिशियलाइज एनव्हीएमएल: ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच'. हे बघितल्यावर बरेच जण थेट ड्रायव्हर पर्ज करून (मुळापासून काढून) परत टाकायला घेतात. प्लीज नका करू. कार्ड ठणठणीत असतं, ड्रायव्हरही बिघडलेला नसतो, फक्त अर्धा जुना आणि अर्धा नवा झालेला असतो.

झालंय काय ते सांगतो. हा ड्रायव्हर दोन तुकड्यांत असतो, एक कर्नल मॉड्यूल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला जोडला जाणारा भाग) जे मशीन चालू होताना मेमरीत जाऊन बसतं, आणि दुसऱ्या लायब्रऱ्या, म्हणजे लिबएनव्हिडिया-एमएल, लिबकुडा वगैरे, ज्या डिस्कवर असतात आणि प्रोग्रॅम सुरू होताना उघडतात. दोघांचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तंतोतंत सारखाच लागतो. अपडेट आला की डिस्कवरच्या लायब्रऱ्या लगेच बदलतात पण मेमरीतलं मॉड्यूल रीबूट होईपर्यंत जुनंच. आणि 'मी तर काहीच अपडेट केलं नाही' म्हणत असाल तर /वार/लॉग/एपीटी मधली हिस्टरी उघडून बघा, अनअटेंडेड-अपग्रेड्स (उबुंटूची आपोआप अपडेट करणारी सोय) परस्पर काम उरकून गेलेलं बऱ्याचदा तिथे सापडतं.

आता ते दोन नंबर. /प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्जन ही फाइल कॅट केली की मेमरीतल्या मॉड्यूलचा नंबर मिळतो, समजा 535.129.03. लायब्रऱ्यांचा नंबर डीपीकेजीच्या (इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसच्या) यादीत एनव्हिडिया ग्रेप केलं की दिसतो, समजा 535.154.05. त्याहून सोपं म्हणजे डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, तिथे 'एपीआय मिसमॅच' असा संदेश असतो आणि त्या एकाच संदेशात दोन्ही नंबर लिहिलेले असतात. हे वहीत किंवा फोनवर टिपून ठेवा, पुढे लागणार आहेत.

रीबूट केलं की बहुतेक वेळा सुटतं, पण थांबा, त्याआधी एक गोष्ट बघाच. अपडेटच्या आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसने जुनी लायब्ररी आधीच उघडून धरलेली असते, त्यामुळे ती मिसमॅच असूनही व्यवस्थित चालू राहते! आमच्या लॅबमध्ये एका ज्युनिअरने एरर दिसल्या दिसल्या रीबूट मारलं आणि दुसऱ्या मुलीचं चार दिवसांचं ट्रेनिंग गेलं, चेकपॉइंट (मध्येच सेव्ह केलेली प्रत) आदल्या दिवशीचा होता. तिचा चेहरा मला अजून आठवतो. एनव्हिडिया-एसएमआय बंद पडलेलं असल्यामुळे कोण काय चालवतंय ते त्यात दिसत नाही, म्हणून सुडो लावून एलएसओएफ /डेव्ह/एनव्हिडिया* (कार्ड कोणत्या प्रोसेसने धरलंय ते दाखवतं) मारा, ज्याची प्रोसेस दिसेल त्याला विचारा आणि मगच पुढे जा.

रीबूट शक्यच नसेल तर मॉड्यूल हाताने काढता येतात. सगळी जीपीयूची कामं बंद करा, डिस्प्ले मॅनेजर आणि एनव्हिडिया-पर्सिस्टन्सडी (ड्रायव्हर जागा ठेवणारी सेवा) थांबवा, मग आरएममॉडने (मॉड्यूल काढणारी कमांड) याच क्रमाने: एनव्हिडिया_यूव्हीएम, एनव्हिडिया_डीआरएम, एनव्हिडिया_मोडसेट आणि शेवटी नुसतं एनव्हिडिया. 'इन यूज' आलं तर कुणीतरी अजून धरून बसलंय, परत एलएसओएफ. सगळं निघालं की सुडोने एनव्हिडिया-एसएमआय चालवा, नवं मॉड्यूल आपोआप चढतं. डॉकरमधले जीपीयूचे कंटेनर असतील तर तेही रीस्टार्ट करा, त्यांच्यात लायब्रऱ्या होस्टवरूनच माउंट होतात.

रीबूट करूनही तेच येतंय? मग मॉडइन्फो एनव्हिडिया बघा, तो डिस्कवरच्या मॉड्यूलचा नंबर देतो. तोच जुना असेल तर बहुधा डीकेएमएसचं (कर्नलसाठी मॉड्यूल बांधून देणारं टूल) बिल्ड फसलंय, डीकेएमएस स्टेटस बघा आणि चालू कर्नलचे हेडर्स टाका. मॉडइन्फो नवा पण प्रॉकमधला जुना असेल तर इनिटरॅमएफएसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी लोड होणारी फाइल) जुनी कॉपी अडकलीये, अपडेट-इनिटरॅमएफएस -यू करून रीबूट. आणि कधीकाळी डाउनलोड केलेल्या रन फाइलने ड्रायव्हर टाकला होता आणि नंतर एपीटीने, तर एलडीकॉन्फिग -पी (सिस्टिमला माहीत असलेल्या लायब्रऱ्यांची यादी) मध्ये लिबएनव्हिडिया-एमएल दोन ठिकाणी दिसू शकतं. हा सगळ्यात चिवट प्रकार. एनव्हिडिया-अनइन्स्टॉलने रन फाइलवालं काढा आणि मग एपीटीचं पर्ज करून नव्याने टाका, पर्ज खरंच लागतं ते इथे.

अजून एक गोंधळ नेहमी होतो. एनव्हिडिया-एसएमआयच्या कोपऱ्यात जे 'कुडा व्हर्जन' दिसतं ते इन्स्टॉल केलेलं कुडा (जीपीयूवर हिशेब चालवायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) नसतं, हा ड्रायव्हर जास्तीत जास्त कुठपर्यंत चालवू शकतो ते असतं. त्यामुळे एनव्हीसीसी (कुडा टूलकिटमधला कंपायलर) वेगळा नंबर दाखवत असेल तर घाबरायचं कारण नाही, ड्रायव्हरचा तेवढाच किंवा मोठा असला की झालं. कुडा 12 ला 525 किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो. पिपने टाकलेलं पायटॉर्च तर स्वतःचं कुडा रनटाइम सोबतच आणतं, त्याच्यासाठी टूलकिट बदलत बसू नका.

मशीन चौघांत मिळून वापरत असाल तर एनव्हिडियाची पॅकेजेस अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या ब्लॅकलिस्टमध्ये घाला. पण मग महिन्यातून एक दिवस ठरवून, ग्रुपवर सगळ्यांना सांगून, अपडेट आणि रीबूट एकत्रच करा, कारण सिक्युरिटी फिक्सही त्याच अपडेटमधून येतात.