किडनीचा रिपोर्ट कसा वाचावा आणि आजार कोणता हे कसे समजून घ्यावे

पाठ दुखली की किडनीवर शंका घ्यायची आणि पायांवर सूज नसेल तर किडनी ठणठणीत आहे असे समजायचे, या दोन्ही समजुती जळगाव-धुळ्याकडे घट्ट रुजलेल्या आहेत आणि दोन्ही फसव्या आहेत. मूतखडा आणि जंतुसंसर्ग वगळला तर किडनीचे बहुतेक जुनाट आजार दुखतच नाहीत. प्रत्येक किडनीत सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातील दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर पडते. काही गाळण्या निकामी झाल्या तरी उरलेल्या त्यांचे काम ओढून नेतात, त्यामुळे बरेच नुकसान होईपर्यंत माणसाला काहीच जाणवत नाही. म्हणूनच त्रासावरून अंदाज बांधण्याऐवजी रक्त, लघवी आणि सोनोग्राफी हे तीन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचावेत.

रक्ताच्या रिपोर्टात सर्वांची नजर क्रिएटिनिनवर, म्हणजे स्नायूंतून तयार होणाऱ्या आणि किडनी बाहेर टाकत असलेल्या टाकाऊ द्रव्यावर जाते, पण तो आकडा एकटा वाचू नये. क्रिएटिनिन 1.2 आले आणि ते छापील मर्यादेत बसले, तरी 25 वर्षांच्या तरुणासाठी त्याचा अर्थ गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, सुमारे 86 असा होतो. तोच आकडा 60 वर्षांच्या बाईचा असेल तर ईजीएफआर सुमारे 52 निघतो, म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यात असू शकतो. ईजीएफआर 60 च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर तो जुनाट आजार मानतात आणि 15 च्या खाली गेला तर डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचा विचार सुरू होतो. एकाच तपासणीवरून घाबरू नये, तसे निश्चिंतही होऊ नये. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलला लावून ठेवले तर डॉक्टरांना त्यातून सर्वाधिक माहिती मिळते.

लघवीची तपासणी स्वस्त असूनही सर्वात जास्त टाळली जाते, याची मला खरी हळहळ वाटते. सकाळच्या पहिल्या लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर 30 च्या आत हवे. 300 च्या पुढे गेले तर प्रथिनांची गळती मोठी आहे. ईजीएफआर उत्तम असतानाही हे गुणोत्तर वाढलेले असू शकते आणि मधुमेहात बहुधा तीच पहिली खूण असते. मधुमेह आणि रक्तदाब ही जुनाट किडनीविकाराची सर्वात मोठी कारणे आहेत, म्हणून शुगर किंवा बीपीची गोळी चालू असलेल्या प्रत्येकाने ही तपासणी वर्षातून एकदा करावी. ताप किंवा लघवीत जळजळ असताना मात्र ती करू नये, कारण तेव्हा आकडा खोटा वाढतो.

खान्देशातील उन्हाळा किडनीला विशेष जाचक आहे. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर असताना शेतात राबून घाम गाळलेला, त्यात जुलाब-उलट्या झालेला माणूस अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेतो, तेव्हा आधीच आटलेला किडनीचा रक्तपुरवठा आणखी घटतो आणि किडनी अचानक बंद पडू शकते. विषारी घोणस साप चावल्यावरही किडनी अशी अचानक बंद पडू शकते. अशा वेळी रुग्णाला तातडीने दवाखान्यात नेऊन प्रतिविष द्यावे लागते आणि लघवी किती होते याकडे बारीक लक्ष ठेवावे लागते. हा अचानक आलेला बिघाड वेळेवर उपचार झाले तर बऱ्याचदा भरून येतो, आणि जुनाट आजारापेक्षा त्याचा मोठा फरक हाच.

मूतखडाही याच उन्हाचा सोबती. पाच मिलिमीटरच्या आतले खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात, पण कळ थांबली म्हणजे खडा पडला असे नाही. तो नळीत अडकून राहिला तर किडनी न दुखता फुगत जाते, म्हणून सोनोग्राफी पुन्हा करावी. खड्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दिवसभरात अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, मीठ कमी करावे. दूध बंद करण्याची गरज नसते.

दुर्मीळ आजार ओळखताना वय आणि घराणे पाहावे. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या मोठ्या आणि पाण्याच्या गाठींनी भरलेल्या दिसल्या तर तो पॉलिसिस्टिक आजार असू शकतो आणि बाधित आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलाच्या लघवीत रक्त आणि सोबत ऐकू कमी येणे, मामालाही तसेच, असे असेल तर अल्पोर्ट सिंड्रोमचा, म्हणजे किडनी आणि कान दोन्हींवर परिणाम करणाऱ्या आनुवंशिक आजाराचा विचार होतो. घसा दुखल्यापासून एक-दोन दिवसांतच लघवी लालसर झाली तर आयजीए नेफ्रोपॅथीची, म्हणजे आयजीए हे प्रतिपिंड किडनीच्या गाळण्यांत साचून होणाऱ्या आजाराची शंका घेतात. लहान मुलाचे डोळे सकाळी सुजलेले आणि लघवीला दाट फेस, हे नेफ्रोटिक सिंड्रोमचे, म्हणजे लघवीवाटे खूप प्रथिने गळण्याच्या विकाराचे चित्र. ते बहुतेक मुलांत स्टेरॉइडने आटोक्यात येते. बालपणापासून वारंवार खडे होत असतील, विशेषतः नात्यात लग्न झालेल्या घरात, तर सिस्टिन्युरिया (लघवीत सिस्टिन हे द्रव्य जास्त उतरण्याचा विकार) किंवा ऑक्झलेट या खडे करणाऱ्या द्रव्याच्या जन्मजात विकाराची तपासणी मागावी. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेल हा लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकद कमी होते, अंगातले पाणी लवकर घटते आणि केवळ वाहक असलेल्यांच्या लघवीतूनही कधी रक्त जाते. यांपैकी काही आजारांचा निवाडा बायोप्सीशिवाय होत नाही. सुईने घेतलेल्या त्या बारीक तुकड्यामुळे किडनी बिघडते हा समज सोडावा, मात्र रक्तस्रावाचा थोडा धोका असल्याने ती रुग्णालयातच करतात.

पथ्याबाबत रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातील लोक हमखास विचारतात. किडनीचा आजार आहे म्हणून केळे सर्वांनाच वर्ज्य नाही. रक्तातील पोटॅशियम वाढलेले असेल तेव्हाच केळे आणि नारळपाणी थांबवावे लागते. ‘लो सोडियम’ मीठ मात्र अशा रुग्णाने घेऊ नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. उन्हाळ्यात घरोघरी वाळत घातलेले पापड, बिबडे आणि ताटातली शेवभाजी यांतून किती मीठ पोटात जाते, ते मीठदाणी बाजूला ठेवताना हिशेबात धरावे.