नागपुरात घरच्या घरी बियांपासून रोपं: मारबत झाली की लागा कामाला

यूट्यूबवर बियांपासून रोपं करायचे जे व्हिडिओ असतात ना त्यातले बरेचसे थंड देशातले, बाहेर बर्फ म्हणून ते लोक ट्रे घरात ठेवतात आणि खाली गरम होणारी चटई घालतात. नागपुरात ती चटई घेऊन करायचं काय? आपण घरात बिया टाकतो ते पावसाच्या माऱ्यापासून आणि उन्हापासून वाचवायला, त्यामुळे त्यातल्या अर्ध्या वस्तू आपल्याला लागतच नाहीत.

वेळ आधी बघा. हिवाळ्यातले टमाटर, वांगी, मिरची, फुलकोबी, पत्ताकोबी यांच्यासाठी पोळा-मारबत आटोपली की ट्रे काढायचा, म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबर. तेव्हा बाहेर पाऊस चालूच असतो, उघड्या कुंडीतलं बी एका सरीत वाहून जातं नाहीतर कुजतं. घरात साधारण महिनाभरात रोप लावण्याजोगं होतं आणि तोवर पाऊसही ओसरत आलेला असतो. पावसाळी मिरची-वांग्यासाठी मेच्या शेवटी पण टाकतात काही जण, पण नवतप्यात पारा 45 च्या आसपास असताना नवीन माणसाने त्या भानगडीत पडूच नये.

आणि सगळंच ट्रेमध्ये नाही टाकायचं. मुळा, गाजर उपटून लावले की वाकडेतिकडे होतात, ते थेट कुंडीत. पालक, मेथी, भेंडी, गवार पण थेट. सांभार पण, फक्त धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून.

बियाण्याचं पाकीट घेताना मागे तपासणीची तारीख, मुदत आणि उगवण टक्के छापलेले असतात ते वाचा. मिरचीला 60 टक्के लिहिलं असेल तर दहातून सहा उगवणं हे चांगलंच झालं, दुकानदाराशी भांडायचं कारण नाही. गुलाबी-निळा रंग लावलेलं बी औषध लावलेलं असतं, हात धुवा, पोट्ट्यांना हात लावू देऊ नका. घरात भिवापुरी लाल मिरची असेल तर तिचं बी पण उगवतं बरं का. संकरित मिरचीचं बी टाकलं तर उगवेल, पण मिरची तशीच येईल याची खात्री नाही.

भांडं काहीही चालतं, दह्याचे डबे, कागदी कप, फक्त खाली भोकं हवीत, खिळा तापवून पाडा. बागेतली काळी माती नको, ती ओली झाली की चिकटते आणि सुकली की भेगाळते, बारीक मूळ त्यात गुदमरतं. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत, झालं. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यात धुवा, त्यात क्षार असतात. मिश्रण मुठीत दाबलं की एखाद-दोन थेंब पडावे, धार लागली तर पाणी जास्त. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल, म्हणजे टमाटरचं जेमतेम अर्धा सेंटीमीटर. वर ओलं वर्तमानपत्र झाका आणि घरात कुठेही सावलीत ठेवा. कोबी चार-पाच दिवसात, टमाटर आठवड्याभरात, मिरची मात्र दहा-बारा दिवस पण घेते, उकरून बघू नका.

आता खरी गोष्ट, जिथे बहुतेकांची रोपं जातात. बी उगवायला उजेड लागत नाही पण रोपाला पहिल्या दिवसापासून लागतो. कोकोपीटमधून पांढरट देठाची कमान वर आलेली दिसते, कधी टोकावर बियाचं टरफल टोपीसारखं अडकलेलं असतं (ओढू नका, पाण्याचा थेंब सोडा, आपोआप गळतं), ती कमान दिसली त्याच दिवशी कागद काढायचा आणि ट्रे उजेडात न्यायचा. संध्याकाळी नेऊ म्हटलं तर चालेल, परवा नेऊ म्हटलं तर देठ दोऱ्यासारखे लांब होऊन आडवे पडतात आणि मग काही केलं तरी ती रोपं दणकट होत नाहीत. पूर्वेची गॅलरी सगळ्यात भारी, सकाळचं ऊन मिळतं आणि वर स्लॅब असल्याने पाऊस लागत नाही. पश्चिमेच्या काचेला लावून नको, दुपारी भाजतात. गॅलरीच नसेल तर साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर चार-सहा इंचावर, रोज 14 ते 16 तास.

दुसरा शत्रू म्हणजे जास्त पाणी. सप्टेंबरची हवा आधीच दमट, त्यात रोज शिंपडलं की देठ मातीजवळ काळं-बारीक पडतं आणि रोप एका रात्रीत कोलमडतं, ही बुरशी, लागलेलं रोप वाचत नाही, काढून फेका आणि बाकीच्यांना वारा लागू द्या. ट्रे परातीत ठेवून खालून पाणी द्या, वरचा भाग ओला दिसला की परातीतून उचला. कोकोपीटचा रंग गडद आहे तोवर पाणी नको, फिका पडला आणि ट्रे हलका लागला की द्या.

पहिली दोन पानं गुळगुळीत असतात, ती खरी पानं नाहीत. त्यानंतरची, टमाटरला कातरलेली येतात ती खरी. ती आली की आठवड्यातून एकदा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, कारण कोकोपीटमध्ये स्वतःचं खाणं जवळजवळ नसतंच. एका कपात दोन रोपं असतील तर कमजोर रोप कात्रीने कापा, उपटलं तर शेजारच्याचं मूळ पण हलतं.

चार-पाच खरी पानं आली की लगेच गच्चीवर नेऊन ठेवू नका, ऑक्टोबरचं ऊन आपल्याकडे काही कमी नसतं. पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग रोज थोडं वाढवत आठवडाभर. लावणी संध्याकाळी करा, रोप पानाला धरून काढा, देठ दाबलं तर गेलं. टमाटर खालच्या पानांपर्यंत खोल गाडा, देठाला नवीन मुळं फुटतात, मिरची-वांगी मात्र होती तेवढ्याच खोलीवर. पुढचे दोन-तीन दिवस दुपारी वर जुनी ओढणी नाहीतर ग्रीन नेट बांधा, दुपारी पानं थोडी लवली तरी संध्याकाळी परत ताठ होत असतील तर जास्तीचं पाणी ओतू नका.