अनिश्चित हंगामात माणसे नेमताना

जळगाव जिल्ह्यातील, कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात माणसे नेमण्याचे आणि सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. पदवी घेऊन या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे, कारण त्यांना वर्षभराचे नियोजन शिकवलेले असते आणि आमच्याकडे पुढच्या महिन्यात किती जिन, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, चालतील हेही खात्रीने सांगता येत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक सुरू होते आणि उन्हाळा लागताना ती ओसरते, एवढेच काय ते ठरलेले असते. २०२१-२२ मध्ये कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला. पुढच्या वर्षीही तसा भाव येईल या आशेने शेतकऱ्यांनी माल घरात भरून ठेवला आणि ऐन हंगामात कारखाने कापसावाचून अडले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले, तेव्हा सूतगिरण्यांना परदेशी गाठी परवडू लागल्या. इकडे २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि बाजार त्याखाली, त्यामुळे शेतकरी हमीभावाने कापूस घेणाऱ्या सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रांकडे वळला. अशा वेळी ज्या कारखान्याकडे ते केंद्र असते तिथे रात्रपाळी लागते आणि शेजारच्या कारखान्यात जिन थंड पडतात.

म्हणून माझ्याकडे येणारा माणूस पगाराआधी मुदत विचारतो. पारोळ्याकडच्या एका फिटरने मला सरळ विचारले होते, “भाऊ, काम कितला दिन शे?” या प्रश्नाला “बघू, चालेल हंगामभर” असे उत्तर कधीही देऊ नये. त्याला यार्डात नेऊन कापसाची गंजी दाखवावी आणि त्याच्यासमोर हिशेब मांडावा. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, गाठ १७० किलोची असते, म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. उभा साठा आणि झालेले सौदे पाहता अमुक तारखेपर्यंत काम नक्की आहे, त्यापुढचे आवकीवर अवलंबून आहे आणि काम थांबण्याआधी किती दिवस कळवले जाईल, हे तिन्ही सांगावे. तो फिटर हे ऐकून थांबला. दुसरा एखादा निघूनही जातो, आणि ते योग्यच आहे, कारण खोट्या भरवशावर आलेला माणूस जानेवारीत निघून गेला तर नुकसान दोघांचेही होते.

पारख करताना प्रमाणपत्र बाजूला ठेवून उमेदवाराला चालत्या डबल रोलर जिनपाशी उभे करावे. जाणता फिटर आधी आवाज ऐकतो, मग खाली पडणारी सरकी मुठीत घेऊन तिला किती धागा चिकटून राहिला आहे ते पाहतो आणि त्यानंतरच चामड्याचा रोलर झिजला आहे की पट्टीची बैठक चुकली आहे, यावर बोलतो. त्यानंतर त्याला प्रेसवर हात लावायला सांगावे. आवक तुटली की जिनवरच्या माणसाला प्रेसवर किंवा दुरुस्तीला वळवावे लागते, त्यामुळे दुसरे काम शिकण्याचे ज्याला वावडे नाही, त्याला मी थोड्या कमी कौशल्यावरही पसंती देतो.

फिटर, वीजतंत्री आणि रुईची प्रत ओळखणारा ग्रेडर एवढी माणसे तरी बारमाही ठेवावीत. हमाली आणि निवडणीसाठी सातपुड्यातून पावरा-बारेला आदिवासींच्या टोळ्या मुकादमामार्फत येतात. त्यांना मोठी उचल देऊन बांधून ठेवण्याची रीत मला मान्य नाही. काम बंद पडले तरी उचल डोक्यावर राहते आणि तिचा भार सर्वांत गरीब माणसावर पडतो. मजुरी दर आठवड्याला ज्याची त्याच्या हाती द्यावी, मुकादमाचे कमिशन वेगळे चुकते करावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. हंगामी माणसाच्या पत्रात कामाची मुदत स्पष्ट लिहावी.

एकाएकी माल वाढला की रात्रीसाठी घाईने भरती करण्याचा मोह होतो, तो टाळावा. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला की ठिणगी उडते आणि रुई क्षणात पेट घेते. नवा माणूस जुन्या माणसाशेजारी काही दिवस दिवसपाळीत उभा राहिल्याशिवाय त्याला रात्री पाठवू नये.

साठा घटू लागला की पाळी बदलताना शिल्लक क्विंटलचा आकडा फळ्यावर लिहावा. चहाच्या टपरीवर बातमी आधी पोहोचली, तर चांगली माणसे सर्वांत आधी सोडून जातात. सर्वांनाच काढण्याऐवजी पाळ्या वाटून घेता येतील का, हे त्यांनाच विचारावे. सातपुड्यातल्या टोळ्या बहुधा लवकर घरी जाणे पसंत करतात, गावातली माणसे अर्ध्या कामावर थांबतात. निघणाऱ्याच्या हाती अनुभवपत्र आणि पूर्ण हिशेब त्याच दिवशी द्यावा, त्याचा फोन नंबर लिहून घ्यावा आणि पोळा झाला की पुढच्या हंगामाचा अंदाज त्याला स्वतः फोन करून सांगावा.