शाळेच्या मैदानावर पहिलं संशोधन करताना

एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) किंवा फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंधाची वेळ आली की बहुतेकांची पावलं जवळच्या शाळेकडे वळतात. 'बारा आठवड्यांच्या व्यायाम कार्यक्रमाचा परिणाम' या धर्तीचे विषय ठरतात. विषय चांगलेच असतात, अडतं ते दिवसांच्या हिशेबात. म्हणून आराखडा लिहायच्या आधी शाळेचं वार्षिक नियोजन मागून घ्या आणि क्रीडाशिक्षकांसोबत बसून वाचा.

राज्यात शाळा जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात जरा उशिरा. जुलै ते सप्टेंबर मैदान ओलं असतं. त्यातच तालुका, जिल्हा पातळीच्या शालेय स्पर्धा येतात. क्रीडाशिक्षक आणि वर्गातली सर्वांत चपळ मुलं एकदमच बाहेरगावी जातात. मग सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. सलग काळ मिळतो तो सुट्टीनंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि त्यातही स्नेहसंमेलनाच्या दिवसांत मैदानावर मंडप असतो. कार्यक्रम १० आठवड्यांचा आखा, २ आठवडे हाताशी ठेवा. पूर्वचाचणी दिवाळीआधी उरकून कार्यक्रम सुट्टीनंतर सुरू करू नका. सुट्टीत दमश्वास, म्हणजे न थकता पळत राहण्याची क्षमता, उतरतो, जुना आकडा खोटा ठरतो.

परवानग्यांचा क्रमही लक्षात ठेवा. आधी मुख्याध्यापकांचं संमतिपत्र, जिल्हा परिषदेची शाळा असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, मग तुमच्या संस्थेची नीतिमत्ता समिती, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी समिती. समितीला महिना-दोन महिने लागतील असं धरून चाला. मोजमाप झाल्यावर मागितलेली मंजुरी मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी संमती लागतेच. शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८ वयाच्या मुलाचा लेखी होकार लागतो. पत्रक घरी बोलतात तशा मराठीत लिहा. व्यायाम देऊन परिणाम तपासणार असाल तर सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिलं मूल सहभागी होण्याआधी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी घेतली जात नाही. विद्यापीठ पातळीवरचा सामंजस्य करार एका प्रबंधासाठी सहसा लागत नाही, पण साधं पत्र हवंच: माहिती कोणाकडे राहील, फोटो वापरायचे का, इजा झाली तर खर्च कोणाचा, शोधनिबंधावर क्रीडाशिक्षकांचं नाव येणार का. हा शेवटचा मुद्दा संकोचामुळे राहून जातो आणि पुढे मनं दुखावतात. ज्यांनी आराखड्यात आणि लेखनात खरी भर घातली त्यांचं नाव यायला हवं, हे पहिल्या भेटीतच बोला.

सर्वांत जास्त प्रबंध फसतात ते नमुन्यापाशी. आठवी अ ला व्यायाम दिला, आठवी ब ला दिला नाही, प्रत्येकी ४० मुलं घेऊन टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींची तुलना) केली. इथे फरक व्यायामाचा की वर्गाचा, हे कधीच सांगता येत नाही. एका वर्गातल्या मुलांचे शिक्षक एक, तासिका एक. त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी जुळतात. हे जुळणं मोजणारा आकडा, वर्गांतर्गत सहसंबंध, ०.०५ इतका लहान धरला तरी १ + (४० − १) × ०.०५ = २.९५, आणि नमुन्याला या आकड्यानं भागावं लागतं. म्हणजे ८० मुलांचा नमुना जेमतेम २७ मुलांइतकं सांगतो. शाळा किंवा तुकड्या वाढवता आल्या तर उत्तम. नाही तर प्रत्येक वर्गातच चिठ्ठ्या टाकून दोन गट करा आणि दोघांची वेळ वेगळी ठेवा. नाही तर नियंत्रण गटातली, म्हणजे व्यायाम न दिलेली, मुलं कडेला उभी राहून तोच व्यायाम उचलतात.

आता मोजमाप. दमश्वासासाठी २० मीटर शटल रन (ध्वनिफितीच्या इशाऱ्यावर २० मीटर ये-जा, वेग वाढत जातो) घेणार असाल तर अंतर पोलादी टेपनं मोजा आणि दोन्ही टोकांना थांबायला २-३ मीटर मोकळी जागा सोडा. ही चाचणी बसवणाऱ्या लेजे यांच्या १९८८ च्या पद्धतीत वेग ताशी ८.५ किलोमीटरपासून सुरू होऊन दर मिनिटाला ०.५ नं वाढतो. काही ध्वनिफितींत पहिला टप्पा ८.०, दुसरा ९.० असतो. दोन्ही चाचण्यांना तीच फीत वापरा आणि पातळीसोबत एकूण फेऱ्याही लिहा. आधी एका दिवशी सराव करून घ्या, नाही तर दुसऱ्या चाचणीतली निम्मी सुधारणा खेळ समजल्याची असू शकते. वेळ तीच, बूट की अनवाणी तेही तेच.

५० मीटर धाव हातातल्या स्टॉपवॉचनं मोजली तर वेळ इलेक्ट्रॉनिक मोजणीपेक्षा सुमारे ०.२४ सेकंद कमी येते. कार्यक्रमातून होणारी सुधारणा कित्येकदा याहून लहान असते. घड्याळ धरणारी व्यक्ती दोन्ही वेळा एकच असू द्या आणि आधी १५-२० मुलांवर दोनदा मोजून स्वतःची चूक किती ते काढा. वजनकाटा मातीवर ठेवू नका, फरशीवर ठेवा.

चाचणीआधी पालकांना दमा, फिट, हृदयाचा त्रास यांबद्दल विचारा. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल आवर्जून विचारा. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय दमेपर्यंत पळवणं धोक्याचं आहे. सकाळच्या सत्रात कोण उपाशी आलंय, कोणाचा उपवास आहे, हेही पाहा.

वजन आडोशाला घ्या आणि आकडा मोठ्यानं वाचू नका. मुलींचं मोजमाप बाईंनी करावं. वर्गासमोर वजन पुकारलं गेलं की काही मुलं पुढच्या वेळी घरीच राहतात. गळती तिथूनच सुरू होते, आणि त्या मुलांचं खेळाशी असलेलं नातंही बिघडतं. याबाबतीत जराही सैल राहू नका.

प्रत्येक सत्राची तारीख, हजेरी आणि प्रत्यक्ष हालचालीची मिनिटं वहीत लिहा. ३५ मिनिटांच्या तासिकेतली रांगा लावण्यातली मिनिटं वजा करा. १० आठवड्यांत ठरलेल्या ३० सत्रांपैकी २१ झाली असतील तर प्रबंधात २१च लिहा.

अंतिम चाचणी संपली की नियंत्रण गटाला तोच कार्यक्रम द्या, आणि त्यासाठीचे आठवडे सुरुवातीच्या पत्रातच नोंदवा. शाळेला एका पानाचा मराठी अहवाल वर्ष संपायच्या आत पोचवा: गटाची सरासरी, काय वाढलं, काय वाढलं नाही, आणि क्रीडाशिक्षकांना पुढच्या जूनपासून साहित्याशिवाय घेता येतील असे व्यायाम.