आयर्लंडच्या इतिहासाचा अभ्यास करताय? या चुका टाळा

आयर्लंड मराठी वाचकाला लवकर आपलंसं वाटतं. पारतंत्र्य, दुष्काळ, भाषेसाठीची चळवळ, सगळंच ओळखीचं. टिळकांनी १९१६च्या एप्रिलमध्ये बेळगावात होमरूल लीग उभारली आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. या जवळिकीमुळे अभ्यासाला गोडी येते, पण गफलतीही होतात. गोष्ट ओळखीची वाटली की ती कोणी लिहिली, कधी लिहिली आणि कशासाठी लिहिली, हे विचारायचं राहून जातं.

संत पॅट्रिकबद्दल नंतरच्या गोष्टी खऱ्या धरणं

पॅट्रिकने आयर्लंडमधले साप हाकलले, शॅमरॉकचं तीन पानांचं डहाळं दाखवून ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) समजावलं, असं सर्रास लिहिलं जातं. पॅट्रिक पाचव्या शतकातला. त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेले दोन मजकूर आज उपलब्ध आहेत: आत्मनिवेदन आणि कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या सैनिकांना उद्देशून लिहिलेलं संतप्त पत्र. दोन्हींत ना साप आहेत, ना शॅमरॉक. आहे तो सोळाव्या वर्षाच्या आसपास पळवून नेलेला, गुलाम म्हणून सहा वर्षं जनावरं राखलेला, आपल्या अपुऱ्या शिक्षणाची खंत बाळगणारा माणूस. रॉयल आयरिश अकादमीने दोन्ही मजकूर ऑनलाइन ठेवले आहेत. एका बैठकीत वाचून होतात, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

चमत्कार करणारा, राजांना नमवणारा पॅट्रिक आपल्याला भेटतो तो मुइरखू आणि तिरेखान या चरित्रकारांच्या लेखनात, म्हणजे सातव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हा बेटाच्या उत्तरेकडच्या आर्मा गावाचं चर्च साऱ्या बेटावर आपलं वडिलकीचं स्थान सांगत होतं, आणि त्या दाव्याला पॅट्रिकचा आधार हवा होता. म्हणून ही चरित्रं टाकाऊ ठरत नाहीत. फक्त ती सातव्या शतकातल्या आर्माची साक्ष देतात, पाचव्या शतकातल्या पॅट्रिकची नाही. ज्ञानेश्वर तेराव्या शतकातले आणि त्यांचं चरित्र सांगणारे महिपती अठराव्या, हे अंतर मराठी अभ्यासक ध्यानात ठेवतो. तोच नियम इथे लावायचा. शिवाय, पॅट्रिकने कोऱ्या भूमीवर धर्म आणला असंही नाही. पोपने ४३१ साली पॅलेडियसला बिशप म्हणून पाठवलं ते तिथे आधीच असलेल्या ख्रिस्ती लोकांकडे.

कू खुलिनसारख्या जुन्या आयरिश वीरांच्या कथांचंही हेच. त्यांची आज हाती असलेली सर्वात जुनी हस्तलिखितं इसवी सन ११००च्या आसपासची, आणि ती मठांशी जोडलेल्या ख्रिस्ती लेखनिकांच्या हातची. त्यांतून थेट ख्रिस्तपूर्व आयरिश धर्म उभा करू नका.

तारखा आहेत तशा उतरवणं

२३ ऑक्टोबर १६४१ रोजी अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतात कॅथलिकांचा उठाव सुरू झाला. त्यानंतर घेतलेल्या सुमारे ८,००० जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत आणि ऑनलाइन वाचता येतात. एखाद्या जबानीवर ‘जानेवारी १६४१’ दिसतं आणि नवखा अभ्यासक चक्रावतो: उठावाच्या नऊ महिने आधी उठावाची साक्ष कशी? उत्तर सोपं आहे. तेव्हा कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे ही जानेवारी आपल्या हिशेबाने १६४२ची. ही पद्धत आणि जुनं ज्युलियन पंचांग १७५२ साली बदललं. त्याआधीच्या १ जानेवारी ते २४ मार्चच्या तारखा टिपताना दोन्ही सालं लिहा: १६४१/४२.

तारीख सुटली तरी जबानी आपसूक विश्वासार्ह होत नाही. साक्षीदार बहुतांशी प्रोटेस्टंट, लुटले गेलेले, घाबरलेले. स्वतः पाहिलेलं आणि कानावर आलेलं एकाच जबानीत मिसळलेलं असतं. मालमत्तेची यादी साक्षीदाराच्या घरची असते, पण पुढच्या परगण्यातल्या कत्तलीचा आकडा बऱ्याचदा ऐकीव असतो. दोन वेगळ्या रंगांत खुणा करत वाचा, फरक लगेच कळतो.

धर्मावरून राजकारण ठरवणं

कॅथलिक म्हणजे राष्ट्रवादी आणि प्रोटेस्टंट म्हणजे ब्रिटिशनिष्ठ, ही मांडणी फार काळ टिकत नाही. १७९१ साली बेलफास्टमध्ये युनायटेड आयरिशमेन ही क्रांतिकारी संघटना स्थापन झाली, तिचे तिथले बहुतेक संस्थापक प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाचे, होते. याच संघटनेचा वुल्फ टोन, होमरूल पक्षाचा नेता पार्नेल आणि आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड हे सगळे प्रोटेस्टंट. उलट जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर टिपररीतल्या कॅथलिक घरातला. त्याच पंजाबात, जालंधरच्या छावणीत, १९२० साली ब्रिटिश सैन्यातल्या कनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश सैनिकांनी आपल्या देशातल्या दडपशाहीच्या निषेधार्थ हुकूम मानायला नकार दिला.

होमरूलवाले आणि ईस्टरचे बंडखोरही एक नव्हेत. होमरूलवाल्यांचा नेता रेडमंड याच्या पक्षाला साम्राज्यात राहून स्वशासन हवं होतं, बंडखोरांना प्रजासत्ताक.

‘सगळं १९२२मध्ये जळालं’ म्हणून शोध थांबवणं

आयरिश यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या संकुलातला सरकारी दप्तरखाना जळून खाक झाला, हे खरं. पण सगळंच काही त्या आगीत गेलं नाही. १८२१ ते १८५१च्या जनगणनांचे बहुतेक कागद तिथे जळाले. १८६१ आणि १८७१चे सरकारने आधीच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१चे पहिल्या महायुद्धात रद्दीत गेले. १९०१ आणि १९११चे शाबूत आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडून फुकट पाहता येतात. कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवह्या गावोगावी राहिल्यामुळे वाचल्या. त्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. जळालेल्या दप्तराच्या इतरत्र सापडलेल्या नकला २०२२पासून व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी या ऑनलाइन संग्रहात एकत्र केल्या जात आहेत.

नाव सापडत नसेल तर आडनावाचा हट्ट सोडा. आडनावाआधीचे ओ आणि मॅक कधी लागतात, कधी गळतात, आणि स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असतं. त्याऐवजी टाउनलँड, म्हणजे गावाहूनही लहान असा जमिनीचा तुकडा, शोधा आणि तिथली घरं एकेक करून वाचा. टाउनलँडचं नाव ठाऊक नसेल तर १८४७ ते १८६४मधलं ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे कर ठरवण्यासाठी केलेली जमिनींची नोंद, आधी उघडा. जमीन कोणाची आणि कसणारा कोण, हे त्यात टाउनलँडनुसार दिलं आहे.