डिपॉझिटचा चेक बाउन्स झाला तेव्हा

भाड्याचा फ्लॅट सोडला, मालकांनी डिपॉझिटचा चेक दिला आणि तो ‘अपुरी शिल्लक’ असा शेरा घेऊन परत आला. फोन केला की उत्तर ठरलेलं, "पुढच्या आठवड्यात बघू." शेजारचे काका पोलिसांत जा म्हणत होते. (काकांना प्रत्येक गोष्टीवर पोलीसच आठवतात.) पण इथे सगळं अडतं बँकेच्या रिटर्न मेमोवर, म्हणजे चेक का परत आला हे सांगणाऱ्या बँकेच्या चिठ्ठीवर. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या (चेक वगैरेंच्या कायद्याच्या) कलम 138 नुसार मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस. तरी पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार.

नोटीस स्वतः लिहिली तरी चालते. पण मुदतीचा खेळ असल्याने मी वकील गाठला. मला रंगकामाच्या नावाखाली कापलेले पैसेही त्यातच मागायचे होते. वकीलबाईंनी ते साफ खोडलं: या नोटिशीत मागणी चेकवरच्या रकमेचीच हवी, बाकीचा वाद वेगळा. एवढ्यातच त्यांची फी वसूल झाली.

नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. पोचपावती आल्यावर मालकांचाच फोन, आवाज एकदम मऊ. दुसरा चेक देतो म्हणाले. मी एनईएफटीच करायला लावलं.